हॅकेनसॅकमधला कायदा

कांजूरमार्गला उतरून पवईच्या बसच्या रांगेत उभं राहिलं की एखादं गाणं ऐकून होतं. ‘ब्लू सेव्हन’ मात्र अकरा मिनिटांचं, ते सहसा अर्धवट राहतं. परवा बस आलीच नाही आणि अख्खं ऐकायला मिळालं.

ते जॅझ सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सच्या ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ या अल्बममधलं. नावात सॅक्सोफोन, कव्हरवर सॅक्सोफोन, आणि माझे कान मॅक्स रोचच्या ड्रम्सकडे. लहानपणी तबला शिकलेल्यांचं हे असंच होतं. (तीन परीक्षा दिल्या, चौथीला दांडी मारली. घरी अजून विषय निघतो.)

२२ जून १९५६, न्यू जर्सीतलं हॅकेनसॅक. रुडी व्हॅन गेल्डर दिवसा लोकांचे डोळे तपासायचा आणि आईवडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. त्याच खोलीत पंचविशीतला रोलिन्स, पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर डग वॉटकिन्स आणि ड्रम्सवर रोच. पाच रचना, एका दिवसात. रोलिन्स तेव्हा रोच आणि ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउनच्या बँडमध्येच वाजवत होता, त्यामुळे दोघांना एकमेकांची सवय होती. चारच दिवसांनी ब्राउन मोटार अपघातात गेला. हे कळल्यापासून याच अल्बममधल्या ‘सेंट थॉमस’ची ती उड्या मारणारी चाल ऐकताना मला जरा चोरट्यासारखं वाटतं.

पण मला बोलायचंय ‘ब्लू सेव्हन’बद्दल. सुरुवातीला नुसता बास, पावलं मोजत चालल्यासारखा. मग रोलिन्स चार-दोन सुरांचा तुकडा टाकतो आणि पुढे त्यालाच उलटसुलट करत बसतो. रोचची पाळी आली की तोही तेच करतो. एक तिहेरी ठेका, एक घुमवलेला रोल, बस्स. तेवढ्यातूनच सगळं काढतो. मध्ये पार थांबतो, आणि तुम्हाला वाटतं संपलं.

आमच्या तबल्याच्या सरांचा कायदा हाच. (तबल्यात बोलांच्या मूळ रचनेलाही कायदाच म्हणतात, आणि तिच्या बदलत्या रूपांना पलटे.) ‘धा धा तिरकिट धा धा तू ना’ घेतलंस ना, मग पलटे त्यातल्याच बोलांचे. एकदा मी भाव खायला मध्येच ‘धिरधिर’ घुसवलं. सरांनी माझ्या दायाँवर हात ठेवला. “हा पाहुणा कोणी बोलावला?” रोचच्या त्या सोलोत एकही आगंतुक नाही. मी मोजून पाहिलंय, रांगेत उभ्या उभ्या.

आणि हाच रोलिन्स साठच्या दशकाच्या अखेरीस पवईत येऊन राहिला होता, स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात! माझ्या ऑफिसपासून रिक्षाने जेमतेम मीटर पडतो. गेल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत फाटकापर्यंत जाऊन आलो. वॉचमनने विचारलं, “कोणाला भेटायचंय?”

“कोणाला नाही, असाच आलो,” म्हटलं आणि रिक्षा शोधायला लागलो.