तुम्ही विचारलंत म्हणून: स्वीडनमध्ये सगळे सारखेच का?

पुण्याला आलो की कुणीतरी विचारतंच, "तुमच्या स्वीडनमध्ये म्हणे गरीब-श्रीमंत असं काही नसतंच. सरकार एवढा कर कापतं, मग कुणाकडे उरणार काय?"

पगारापुरतं हे बरंचसं खरं आहे. पण ती करामत एकट्या कराची नाही. स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदाच नाही, हे सांगितलं की ऐकणारा चमकतो. पगाराचे दर कामगार संघटना आणि मालकांच्या संघटना आपसात ठरवतात, सरकार सहसा मध्ये पडत नाही. 1938 मध्ये या दोन बाजूंत झालेल्या साल्टशोबाडेन करारापासून ही घडी बसली. आज दहातले जवळपास नऊ कामगार अशा करारांखाली येतात. करार नाकारणाऱ्याचं काय होतं, ते टेस्लाकडे बघून कळतं. ऑक्टोबर 2023 मध्ये तिथल्या मेकॅनिकांनी संप पुकारला. मग त्यांच्या पाठिंब्यासाठी गोदी कामगारांनी टेस्लाच्या गाड्या उतरवायला नकार दिला, आणि टपालवाल्यांनी नव्या गाड्यांच्या नंबरप्लेटा पोचवणं बंद केलं. नंबरप्लेटा!

मालकीला हात लावायला गेलं की मात्र हेच मालक बिथरतात. कंपन्यांच्या नफ्यातला वाटा शेअर्सच्या रूपाने कामगारांच्या निधीत टाकावा, अशी योजना रुडॉल्फ माइडनर या कामगार संघटनेच्याच अर्थतज्ज्ञाने 1970 च्या दशकात मांडली. 1983 मध्ये स्टॉकहोममध्ये तिच्याविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला. पातळ केलेली योजना कशीबशी लागू झाली आणि नव्वदीच्या सुरुवातीला गुंडाळली गेली.

पुढे वारसा कर गेला. 2004 च्या अखेरीस तो काढला डावीकडे झुकणाऱ्या सोशल डेमोक्रॅट सरकारनेच, डाव्या पक्षाच्या पाठिंब्यासकट. 2007 मध्ये उजव्या आघाडीने संपत्ती करही रद्द केला. भांडवल देशाबाहेर जाईल, ही भीती दोघांनाही होती, आणि ती अगदीच हवेतली नव्हती: आयकिया या फर्निचर कंपनीचे संस्थापक इंग्वार काम्प्राद कधीचेच बाहेर पडले होते. आता मोठ्या पगाराच्या वरच्या टप्प्यावर निम्म्याहून अधिक कर, तर भांडवली उत्पन्नावर साधारण 30 टक्के. म्हणून उत्पन्नाच्या वाटणीत स्वीडन अजून बरा, पण संपत्तीच्या वाटणीत युरोपातल्या सर्वांत विषम देशांपैकी एक.

माझ्या ऑफिसात शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोघींचा पगार जवळपास सारखा. एकीला आईवडिलांनी फ्लॅटसाठी पैसे दिले. दुसरी नगरपालिकेच्या भाड्याच्या घरांच्या रांगेत नाव घालून पोटभाडेकरू म्हणून राहते आणि दर वर्षी सामान हलवते.