गाळणीत उरलेली मज्जा

तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या अकरा रुग्णांचे नमुने आणि निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेचे चार, असा माझा तक्ता तयार होता. हॉक्स-ए-९ या जनुकाचा आलेख रुग्णांमध्ये २४व्या सायकलच्या आसपास वर यायचा, निरोगी मज्जेत थेट ३१व्या. जनुक जितकं जास्त चालू, तितक्या त्याच्या आरएनए-प्रती जास्त आणि आलेख तितका आधी वर. त्या प्रतींवरून बनवलेला डीएनए पीसीआरमध्ये दर सायकलला दुप्पट होतो, म्हणजे सात सायकलींचा फरक १२८ पटींच्या घरात. तुलनेचं जनुक एबीएल दोन्हीकडे २५लाच येत होतं, त्यामुळे आरएनए कमी-जास्त पडल्याची शंकाही नव्हती. मी फार आनंदात होते.

मॅडमनी तक्ता बघितला आणि एवढंच विचारलं, "तुझ्या नॉर्मलमध्ये मूळ पेशी किती आहेत गं?"

ज्यांच्यातून रक्ताच्या बाकीच्या पेशी घडतात त्या मूळ पेशी, शंभरात एखाद-दुसरी. बाकीच्या पिकलेल्या किंवा पिकत आलेल्या. ल्युकेमियाच्या नमुन्यात मात्र बहुतेक ब्लास्ट, वाढ मध्येच अडकलेल्या कोवळ्या पेशी. मी कोवळ्याची तुलना पिकल्याशी करून बसले होते.

दात्याची मज्जा मिळायला तीन आठवडे गेले. प्रत्यारोपणासाठी काढलेली मज्जा गाळून घेतात. गाळणीत उरलेली, दात्याच्या संमतीनं, आमच्याकडे येते. त्या दिवशी सकाळीच फिकॉल या जड द्रवावर मज्जेचा थर सोडला, सेंट्रिफ्यूजनंतर मधली पांढरट कडी उचलली, सीडी-३४ ही मूळ आणि कोवळ्या पेशींवरची खूण ओळखणारे चुंबकीय मणी लावून सगळं कॉलममधून जाऊ दिलं. थेंब-थेंब नको त्या पेशी खाली गेल्या. मग कॉलम चुंबकापासून काढून दट्ट्या दाबला. पुन्हा फिरवल्यावर ट्यूब उजेडाकडे तिरकी धरली, तेव्हा कुठे तळाशी पुसटसा डाग दिसला. त्या डागाची मला धास्ती वाटत होती. आरएनए काढताना पिपेटचं टोक त्याला लागू नये म्हणून श्वास रोखून धरला होता.

संध्याकाळी प्लेट लावली. निरोगी सीडी-३४ पेशींमध्ये हॉक्स-ए-९ पंचविसाव्या सायकलला वर आलं. एबीएल तसंच जागच्या जागी. १२८ पटींचा फरक दुपटीवर आला.

खरं तर ते असंच असणार. हे जनुक रक्ताच्या मूळ पेशींना लागतंच; पेशी पिकू लागली की ते मंदावतं. ल्युकेमियात ते मंदावत नाही, एवढंच. बीएमआय-१ या जनुकाचंही तसंच: निरोगी आणि ल्युकेमियाच्या, दोन्ही मूळ पेशींना स्वतःसारखी पेशी घडवायला ते लागतं, हे २००३ साली उंदरांमध्ये दाखवलं गेलं. अशा जनुकावर औषध मारलं तर केमोनंतर ज्या पेशींनी रुग्णाची मज्जा पुन्हा भरायची, त्यांनाच फटका बसेल. माझा तक्ता तसाच पुढे गेला असता तर? हा विचार त्या रात्री डोक्यातून जाईना.

तक्त्यातलं दुसरं जनुक, डब्ल्यूटी-१, मात्र टिकलं. रुग्णांमध्ये ते २४ला, निरोगी सीडी-३४मध्ये ३१ला, आणि पिकलेल्या पेशींमध्ये चाळीस सायकलींपर्यंत दिसलंच नाही. म्हणजे निरोगी मूळ पेशींतही थोडं असतंच. म्हणून तर उपचारांनंतरच्या मज्जेत ल्युकेमिया उरलाय का हे बघताना त्याची मर्यादा शून्य धरत नाहीत. एबीएलच्या १०,००० प्रतींमागे २५० प्रती धरतात.

'नॉर्मल' हा रकाना पुसून मी दोन केले: 'सीडी-३४' आणि 'पिकलेल्या'. पहिल्यात एकच दाता. उरलेला सात मायक्रोलिटर आरएनए उणे ८०मध्ये ठेवला आणि पुढच्या गाळणीसाठी विनंतीचा अर्ज भरला.