बदकाच्या पाठीवरून गुरूपर्यंत

बालदोस्तांनो, अवकाशात भटकायला रॉकेटच हवं असं कोणी सांगितलं? मी धूमकेतूवर बसून गेलो. मनातल्या मनात गेलो हे कबूल, पण वाटेत जे दिसलं ते खरं आहे.

माझ्या गाडीचं नाव चुर्युमोव-गेरासिमेन्को. 1969 साली ज्या दोघांनी हा धूमकेतू शोधला, त्यांची ही आडनावं. बोलताना जीभ अडखळते, म्हणून सगळे 67पी म्हणतात. लांबी चारेक किलोमीटर. दोन गोळे आणि मध्ये मान, दुरून हुबेहूब आंघोळीच्या टबातलं रबरी बदक! रंग मात्र कोळशासारखा काळाकुट्ट. लखलखता तारा समजून चढाल तर फसाल.

12 नोव्हेंबर 2014 ला मी फिलेच्या मागोमाग उतरलो. फिले म्हणजे रोसेटा यानाने सोडलेला छोटा यंत्रमानव. पृथ्वीवर त्याचं वजन 100 किलो, इथे जेमतेम एक ग्रॅम! जमिनीत रुतायचे त्याचे भाले सुटलेच नाहीत. बिचारा टप्पा खाऊन जवळजवळ एक किलोमीटर वर उडाला आणि दोनेक तासांनी पुन्हा खाली आला. शेवटी कड्याच्या सावलीत तिरका अडकला. मी तेवढ्यात कमरेची दोरी खडकाला घट्ट बांधली. इथे जोरात उडी मारली, की तुम्ही कायमचे अवकाशात.

हेल्मेट अजिबात काढू नका. हवा नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे रोसेटाच्या उपकरणांनी इथले वायू हुंगून ठेवलेत: सडक्या अंड्यांचा हायड्रोजन सल्फाइड, नाकात झोंबणारा अमोनिया, वर विषारी हायड्रोजन सायनाइड. नको रे बाबा!

महिनोन्‌महिने काहीच घडत नाही. दिवस-रात्र मिळून बारा-साडेबारा तासांत आटोपतात, एवढीच काय ती करमणूक. खरी धमाल सूर्याजवळ. 13 ऑगस्ट 2015 ला आम्ही त्याच्या सर्वांत जवळ होतो, सेकंदाला सुमारे 34 किलोमीटर वेगाने. उन्हाने आतला बर्फ द्रव न होता थेट वाफ झाला आणि धूळ घेऊन कारंज्यांनी बाहेर उसळला. कड्यांचे तुकडे ढासळत होते. धूमकेतूची शेपटी ती हीच, वायू आणि धुळीची.

आणि ही शेपटी नेहमी मागेच असते असं नाही हं! सूर्याचा प्रकाश आणि सूर्यातून सुटणारे कण तिला ढकलतात, म्हणून ती कायम सूर्याच्या उलट दिशेला. परतीच्या वाटेवर शेपटी पुढे, आम्ही मागे!

पुढचा मुक्काम गुरूच्या कक्षेपलीकडे. फेरी साडेसहा वर्षांची. पण गुरूचा भरवसा धरू नका. 1959 साली 67पी त्याच्या जवळून गेला, तेव्हा गुरूने ओढून त्याची वाटच बदलली आणि त्याला सूर्याच्या बऱ्याच जवळ आणून सोडलं. त्यामुळे परतीचं तिकीट काढायच्या आधी गुरू कुठे आहे ते बघून घ्या.