आमची वाटचाल : सोलापुरातलं रंगाचं काम

सोलापुरात व्हिडिओ एडिटिंग म्हणजे लग्नाचं ‘मिक्सिंग’, असंच बरीच वर्षं समजलं जायचं. आमची फर्मही त्याच कामातून उभी राहिली. मिनी डीव्ही कॅसेटचे दिवस होते. तासाभराची कॅसेट फायरवायरनं कॉम्प्युटरमध्ये घ्यायला पुरता तास लागायचा आणि हार्ड डिस्कवर साधारण १३ जीबी जागा जायची. चित्र ७२० बाय ५७६, आठ बिटचं. त्यावर रंगाचं काम म्हणजे उजेड वर-खाली करणं आणि व्हाइट बॅलन्स सावरणं. त्यापुढे ताणलं की चित्र फुटायचं.

पुढे दोन गोष्टी बदलल्या. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइननं दा विंची सिस्टिम्स ही कंपनी घेतली, आणि तोवर मोठ्या शहरांतल्या स्टुडिओंपुरतं असलेलं रिझॉल्व्ह हे रंगाचं सॉफ्टवेअर नंतर मोफत आवृत्तीत मिळू लागलं. दुसरं म्हणजे लॉगमध्ये (उजेड-सावलीचा तपशील टिकवणारं फिकं, सपाट चित्र) आणि दहा बिटमध्ये शूट करणारे कॅमेरे भाड्यानं मिळायला लागले. आठ बिटमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, दहा बिटमध्ये १०२४. लॉगचं सपाट चित्र ताणायचं तर या पायऱ्या लागतातच. आठ बिटमध्ये एस-लॉग (सोनीचा लॉग) घेतला की संध्याकाळच्या आभाळात पट्टे दिसतात, आणि ते नंतर पूर्णपणे काढता येत नाहीत. आठ बिटचाच कॅमेरा असेल तर साध्या रेक. ७०९ (एचडी टीव्हीचं रंगाचं मानक) प्रोफाइलमध्ये नीट एक्स्पोज करून आणा, असं आम्ही आजही सांगतो.

एडिटिंगबरोबर ग्रेडिंगही, म्हणजे रंगाचं काम, घ्यायचं ठरलं तेव्हा सॉफ्टवेअरच्या आधी खोली तयार करावी लागली. भिंती फिक्या राखाडी, कारण रंगीत भिंत डोळ्याला फसवते. मॉनिटरच्या मागे ६५०० केल्विनचा मंद दिवा. मॉनिटर रेक. ७०९ ला, गॅमा २.४, पांढऱ्याची पातळी १०० निट्स (उजेडाचं माप), आणि दर महिन्याला प्रोबनं (रंग मोजणाऱ्या उपकरणानं) कॅलिब्रेशन. मॉनिटर चालू केल्यावर अर्धा तास तापू द्यायचा, मगच रंगाला हात लावायचा. चित्र ग्राफिक्स कार्डातून घेत नाही. डेकलिंकसारख्या वेगळ्या कार्डातून मॉनिटरला नेतो, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम वाटेत रंग बदलत नाही. व्होल्टेज वर-खाली होतं, म्हणून मॉनिटर आणि ड्राइव्ह दोन्ही यूपीएसवर. उन्हाळ्यात एसी ही चैन नाही, रेंडर अर्ध्यात थांबू नये म्हणून लागणारी गरज आहे.

आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं ते इथल्या कापडानं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल आणि चादरीच्या कारखानदारांना मालाचे व्हिडिओ हवे असतात, आणि परगावचा किंवा परदेशातला खरेदीदार तो रंग पाहून ऑर्डर देतो. इथे ‘छान दिसतं’ एवढं पुरत नाही, रंग खरा लागतो. सोलापुरी चादरीचा लाल हा त्यातला सगळ्यात अवघड. रेक. ७०९ मध्ये उजेडाच्या हिशोबात लालचा वाटा फक्त २१ टक्के आहे, हिरव्याचा जवळपास ७२. त्यामुळे साध्या वेव्हफॉर्मवर (उजेडाच्या आलेखावर) लाल चादर मध्यावर, अगदी सुरक्षित दिसते, आणि आरजीबी परेड (लाल, हिरवा, निळा यांचे वेगवेगळे आलेख) लावली की लाल चॅनल वर टेकून सपाट झालेला असतो. तिथली वीण गेलेली असते, ती ग्रेडिंगमध्ये परत येत नाही. म्हणून शूटिंगलाच परेड बघायची आणि लालसाठी अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) खाली एक्स्पोज करायचं.

त्याला दुसरी बाजू दिव्यांची. स्वस्त एलईडीत गडद लाल नीट येत नाही. डब्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८० पेक्षा जास्त लिहिलं असलं तरी गडद लालचा, म्हणजे आर ९ चा, आकडा कमी असतो, आणि चादर विटकरी दिसते. सीआरआय ९५ च्या पुढचे आणि आर ९ चांगला असलेले दिवे घ्या, नाहीतर उत्तरेच्या खिडकीचा उजेड वापरा. प्रत्येक सेटअपला २४ खान्यांचा कलर चार्ट धरायचा, दिवा हलला की पुन्हा धरायचा. कारखान्यातून कापडाचा तुकडाही मागून घ्यायचा आणि ग्रेडिंगच्या टेबलावर दिव्याखाली ठेवायचा. काठाला लाल-काळी नक्षी असेल तर ४:२:० मध्ये तिच्या कडा दातेरी होतात, कारण चार पिक्सेलमागे रंगाचा एकच नमुना असतो. अशा कामाला ४:२:२ च लागतं. टॉवेलच्या बारीक विणीवर मोआरेच्या (विणीवर उमटणाऱ्या खोट्या) लाटा आल्या तर कॅमेरा थोडा पुढे-मागे घ्या किंवा फोकस किंचित सरकवा. नंतर घासून काढायला गेलात की वीणही जाते.

मागावर चालणारं शूटिंग वेगळं. आपली वीज ५० हर्ट्झ, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे येत नाहीत, १/६० ठेवलं की येतात. स्लो मोशन हवं असेल तर १२० ऐवजी १०० फ्रेम्स घ्या.

लग्नाचं काम आम्ही सोडलेलं नाही, उलट हळदीच्या कार्यक्रमानं एक गोष्ट पक्की शिकवली. व्हेक्टरस्कोपवर (रंगछटा दाखवणाऱ्या आलेखावर) त्वचेची एक रेषा असते आणि चेहरा त्या रेषेवर आणायचा, असं सगळीकडे शिकवतात. हळदीत ते लागू नाही. चेहरा हळदीनंच पिवळा आहे, तो रेषेवर ओढला की हळद मातकट होते आणि मागचा पांढरा मांडव निळा पडतो. तोल डोळ्यांच्या पांढऱ्यावरून किंवा हळद न लागलेल्या माणसाच्या हातावरून घ्यावा. मंगल कार्यालयातल्या जांभळ्या-निळ्या पार लाइटचं (रंगीत स्टेज दिव्यांचं) दुखणं निराळं आहे. तो रंग रेक. ७०९ च्या बाहेर जातो आणि चेहऱ्यावर सपाट डाग दिसतो. तिथे सॅच्युरेशन सरसकट कमी न करता गॅमट मॅपिंगनं फक्त टोकाचे रंग आत घ्यायचे.

सिद्धेश्वर यात्रेत भर उन्हात पांढरी बाराबंदी आणि शेजारी सावलीतले चेहरे, असं एकाच फ्रेममध्ये येतं. सोनीच्या एस-लॉग ३ मध्ये झेब्रा (फार उजळ भागावर पट्टे दाखवणारी खूण) ९४+ वर ठेवावा, बाराबंदीवर झेब्रा आला की कापडाच्या घड्या गेल्या समजा.

रिझॉल्व्हमध्ये आमचा क्रम ठरलेला आहे. आधी नॉइज (चित्रातले दाणे) कमी करणं, मग कॅमेऱ्याच्या लॉगमधून दा विंची वाइड गॅमट आणि इंटरमीडिएटमध्ये (रिझॉल्व्हच्या आतल्या मोठ्या रंगमर्यादेत) रूपांतर, त्यानंतर एक्स्पोजर, तोल, शॉट मॅचिंग, मग लुक, आणि सगळ्यात शेवटी रेक. ७०९. बरेच एडिटर पहिल्याच नोडला (कामाच्या टप्प्याला) लट (एलयूटी, तयार रंगरूपांतर) टाकतात आणि पुढच्या नोडमध्ये आभाळ परत आणायला बघतात. लटनं शंभराच्या वरचं कापलेलं असतं, ते पुढे येणार कुठून? एडिटरना आम्ही जी पॉवरग्रेड (जतन केलेली नोडची मांडणी) देतो ती याच क्रमात आहे, रूपांतराचा नोड फक्त तुमच्या कॅमेऱ्याप्रमाणे बदलायचा. नॉइज रिडक्शन मोफत आवृत्तीत चालत नाही. तो नोड बंद ठेवला तरी बाकीचं चालतं.

लघुपट थिएटरला दाखवायचा असेल तर फ्रेम रेट शूटिंगच्या आधी विचारा. थिएटरची जुनी पद्धत २४ ची, आपलं बहुतेक शूटिंग २५ चं. २५ चं २४ केलं की १०० मिनिटांचा चित्रपट १०४ मिनिटं १० सेकंदांचा होतो आणि आवाजाचा सूरही सांभाळावा लागतो. डीसीपी (थिएटरला द्यायची फाइल) फ्लॅट १९९८ बाय १०८० किंवा स्कोप २०४८ बाय ८५८. मराठी सबटायटल चित्रातच जाळून द्या, सर्व्हरवर जोडाक्षरं तुटू शकतात.

आता काम देताना. इथे रंगापेक्षा जास्त वेळ जातो, आणि तो वाचवणं तुमच्या हातात आहे. सोनीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत प्रत्येक कार्डावर सी०००१ पासून नावं सुरू होतात. दोन कार्डांवर एकच नाव असलं की टाइमलाइन जुळवताना नवरीच्या जागी बँडवाला येतो. म्हणून कार्ड उतरवतानाच, एडिट सुरू करण्याआधी, नावापुढे कार्डाचा क्रमांक लावा. कॉपी चेकसम (फाइल तंतोतंत उतरली का ते सांगणारा आकडा) तपासून दोन ड्राइव्हवर करा, तोवर कार्ड फॉरमॅट करू नका. मोबाइलच्या क्लिपचा फ्रेम रेट बदलता असतो, त्या आधी स्थिर २५ वर आणा, नाहीतर आवाज सरकत जातो. मल्टिकॅम आणि नेस्ट (टाइमलाइनच्या आतली टाइमलाइन) फोडून सगळं शक्य तितकं पहिल्या व्हिडिओ ट्रॅकवर आणा. स्पीड रॅम्प (वेग बदलत जाणारे शॉट) एक्सएमएलमधून (एडिटचा तपशील नेणाऱ्या फाइलमधून) नीट येत नाहीत, त्यांची यादी वेगळी द्या. एक्सएमएलबरोबर टाइमकोड छापलेली रेफरन्स फाइल हवीच.

आणि ड्राइव्हचा विचार करून ठेवा. यूएचडी, २५ फ्रेम्सचं प्रोरेस ४२२ एचक्यू (उच्च दर्जाचा व्हिडिओ फॉरमॅट) सेकंदाला ७३७ मेगाबिट घेतं, म्हणजे तासाला जवळपास ३३२ जीबी. साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर अशी एक धार कशीबशी चालते, डिझॉल्व्हला दोन लागल्या की अडते. मूळ क्लिप एसएसडीवर द्या. मास्टर नेण्यासाठी वेगळा रिकामा ड्राइव्ह सोबत असू द्या.