लाइपझिग ते व्हिएन्ना, व्हॉल्व्ह नसलेल्या हॉर्नसोबत

लाइपझिगच्या थॉमस चर्चमध्ये मार्चातही फरशीतून गारठा वर येतो. नैसर्गिक हॉर्न, म्हणजे व्हॉल्व्हच्या कळा नसलेलं पितळी फुंकवाद्य, घेऊन इथे आलेल्या फ्रीलान्स वादकाने आधी तापमान पाहावं. नळीतली हवा एका अंशाने गार झाली की स्वर साधारण ३ सेंट उतरतो; सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. २० ऐवजी १२ अंश असतील तर अर्ध्या स्वराचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला! म्हणून सूर लावण्याआधी मी पाच मिनिटं आवाज न काढता नुसती फुंकत राहते. गार हॉर्न घाईने चढवून ठेवला, तर तो तापल्यावर आपण सगळ्यांच्या वर जातो.

संगीतकार बाखच्या रचना इथे बहुधा ‘ए’ स्वर ४१५ हर्ट्‌झला लावून वाजवतात, म्हणजे आजच्या नेहमीच्या ४४० पेक्षा अर्धा स्वर खाली. १७२५ साली याच शहरात पहिल्यांदा वाजलेल्या त्याच्या ‘वी श्योन लॉयश्टेट’ या कँटाटात (गायन आणि वाद्यवृंदाच्या रचनेत) दोन हॉर्न ‘एफ’मध्ये आहेत, म्हणजे आपली पांढरी चार. हॉर्न ४४० ला बांधलेला असेल तर ‘ई’चा क्रूक लावायचा, काम भागतं. क्रूक म्हणजे मुखनळी आणि हॉर्न यांच्यामध्ये बसणारं नळीचं वेटोळं. पट्टी बदलायची तर तेच बदलायचं.

अवघड असतं ते सप्तकाच्या आत. तुतारीसारखीच इथेही नळी एकच, स्वर फक्त तिच्या हार्मोनिकचे, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनांचे. ११ वा शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधोमध पडतो. १३ वा कोमल आणि शुद्ध धैवताच्या मध्ये. ७ वा कोमल निषादाहूनही उतरलेला. काही जण नळीला भोकं पाडून हे सुधारतात. पण बाखच्या काळात ती नव्हती, आणि भोक उघडलं की आवाजाचा पोत बदलतो. ओठांनीच स्वर ओढावा, असं माझं ठाम मत आहे.

ड्रेस्डेनला गाडी थोडाच वेळ थांबते. कर्ण्यात, म्हणजे हॉर्नच्या रुंद तोंडात, हात घालून स्वर बदलण्याचं तंत्र अठराव्या शतकाच्या मध्यात इथल्याच हांपेल या हॉर्नवादकाच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. तळहाताने तोंड थोडं झाकलं की ११ वा उतरून शुद्ध मध्यम होतो. पूर्ण घट्ट दाबलं तर उलट अर्धा स्वर वर ऐकू येतो. झाकलेला स्वर दबतो, म्हणून शेजारचे उघडे स्वर हळू फुंकायचे. नवशिके झाकलेल्यावरच जोर देतात आणि तो कर्कश होतो.

व्हिएन्नात ‘ए’ ४३० हर्ट्‌झला लावतात. ४४० च्या ‘एफ’ हॉर्नची नळी सुमारे ३.७ मीटर, म्हणून इथे साधारण ८-९ सेंटिमीटरचा जोडतुकडा हवा. थिएटर आन देअर वीनमध्ये १८०५ साली पहिल्यांदा जाहीर वाजलेल्या बेथोव्हनच्या ‘एरोइका’ सिंफनीच्या पहिल्या भागात पहिल्या हॉर्नला ‘ई फ्लॅट’वरून ‘एफ’वर जाऊन परत यायचं असतं. त्याने त्यासाठी विसावा दिलाय, पण गार क्रूक लावला तर सोलोचा पहिला स्वरच उतरतो. क्रूक आधीच फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवावा. सांध्याला लॅनोलिन (लोकरीतून मिळणारा मेणचट पदार्थ) अगदी पातळ लावावं. जास्त झालं तर धूळ धरतं, आणि ऐन वेळी क्रूक निघत नाही. नळीत साचलेलं पाणी काढायची चावी नसते, म्हणून त्याच विसाव्यात हॉर्न गोल फिरवून पाणीही ओतून टाकावं लागतं.