तुम्ही विचारलंत म्हणून : तिथे मराठी कशाला?

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांसमोर तोंड उघडून बसलेले असताना मला हा प्रश्न आलेला आहे. "मॅडम, त्या इंटरनॅशनल शाळेत नेमकं शिकवतात काय हो? आणि तिथे मराठी कशाला?" डॉक्टरांच्या खुर्चीत उत्तर देता आलं नाही, ते आता देते.

मी 31 वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला मराठी शिकवलं. एकेका तुकडीत 100-120 मुलं, हजेरी घेण्यातच दहा मिनिटं जायची. निवृत्तीनंतर पुण्याजवळच्या एका छोट्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस जाते. वरच्या दोन्ही वर्षांची मिळून तिथे 64 मुलं आहेत. पौडजवळच्या टेकडीवर 1997 साली सुरू झालेलं युनायटेड वर्ल्ड कॉलेज ते हे नव्हे. तेही लोक विचारतात. आमच्या शाळेचं नाव मी सांगत नाही, कारण सांगितलं की पुढचा प्रश्न फीचा असतो.

तिथे आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलोरिएट, डिप्लोमा आहे. जिनिव्हात 1968 साली स्थापन झालेल्या संस्थेचा हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. आईवडिलांच्या नोकरीपायी देश बदलत फिरणाऱ्या मुलांना कुठल्याही विद्यापीठात चालेल असं एकच प्रमाणपत्र असावं, ही त्यामागची मूळ गरज. आपल्याकडे मात्र आता शेजारच्या बिल्डिंगमधली, कधी देश न बदललेली मुलंही ते करतात. भारतीय विद्यापीठ संघ हा डिप्लोमा बारावीच्या बरोबरीचा मानतो, त्यामुळे "पुढे चालतं का?" याचं उत्तर "चालतं" असं आहे.

सायन्स, कॉमर्स, आर्ट्‌स असे कप्पे तिथे नाहीत. सहा विषय : दोन भाषा, एक समाजशास्त्रांपैकी, एक विज्ञान, गणित, आणि सहावा कलेचा किंवा त्याऐवजी आधीच्या गटांतला आणखी एक. सहांपैकी तीन, फार तर चार, वरच्या पातळीवर घ्यायचे, बाकीचे साध्या. प्रत्येकाला 7 पैकी गुण, म्हणजे 42. उरलेले 3 मिळवायचे 4000 शब्दांच्या एका निबंधातून आणि 'ज्ञान म्हणजे काय, ते कशावरून खरं मानायचं' अशा नावाने सोप्या, अंगाने अवघड विषयातून. एकूण 45. तीन गुणांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं मला आधी वाटायचं. मग कळलं की या दोहोंपैकी एकात जरी 'ई' श्रेणी आली तरी डिप्लोमाच मिळत नाही. शिवाय खेळ, कला आणि सेवा यांचं दीड वर्षाचं काम असतं. त्याला गुण शून्य, पण ते केल्याशिवाय सुटका नाही.

आता मराठी. आयबीत साहित्य हा विषय स्वतःच्या भाषेत घेता येतो आणि त्या भाषेचा शिक्षक शाळेत असलाच पाहिजे असं नाही. भाषा नेहमीच्या यादीत नसेल तर शाळेने वेळेत मागणी करायची. मूल स्वतः वाचतं, शाळा आधार देते, माझ्यासारखं कुणी मिळालं तर वाट दाखवतं. असं शिक्षकाविना घेतलेलं साहित्य फक्त साध्या पातळीवरच घेता येतं. नऊ साहित्यकृती वाचायच्या, त्यांतल्या निदान तीन अनुवादित. परीक्षेत कधीही न पाहिलेला उतारा किंवा कविता समोर येते आणि सव्वा तासात त्यावर लिहायचं. "कवीला काय म्हणायचे आहे ते तुमच्या शब्दांत लिहा" हे वाक्य मी आयुष्यभर फळ्यावर लिहिलं. इथे विचारतात की कवीने हे असं कशामुळे साधलं. गाइड नाही, अपेक्षित प्रश्नसंच नाही. पहिल्या वर्षी मीच अडखळले. इंग्रजी आणि मराठी दोन्ही साहित्य म्हणून घेतल्या आणि दोन्हींत किमान 3 गुण पडले, तर द्वैभाषिक डिप्लोमा मिळतो. पालकांना हे सांगितलं की मराठीकडे बघण्याची त्यांची नजर एकदम बदलते. का कोण जाणे.

एका मुलीचं सांगते. घर पुण्यात, आजोळ जळगावकडचं. तिने 4000 शब्दांचा निबंध मराठीत लिहायचं ठरवलं, बहिणाबाई चौधरींवर. मला म्हणाली, "मॅडम, माझी आजी असंच बोलते. ती भाषा परीक्षेत चालते?" मी म्हटलं, चालते की. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. ओव्या काम करता करता सुचायच्या, कागदावर उतरवल्या घरातल्यांनी, आणि संग्रह छापून आला 1952 साली, त्या गेल्यावर. तिचा प्रश्न तिथूनच निघाला : गाणारीची ओळ कुठे संपते हे लिहिणाऱ्याने कसं ठरवलं?

एका मंगळवारी तिने माझ्यासमोरच आजीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. 'घरोट' म्हणजे जातं, हे मला ठाऊक होतं, वर्गात शेकडो वेळा सांगितलेलं. आजी अर्थ सांगायच्या भानगडीतच पडल्या नाहीत. एका हाताने दाणे वैरायचे, दुसऱ्याने खुंटा ओढायचा, दम लागतो, मग श्वास घेशील तिथेच ओळ थांबणार ना, असं काहीसं म्हणाल्या, आणि म्हणून दाखवलं. मधेच कुकरची शिट्टी झाली. मुलगी वहीत ओळींवर उभ्या रेघा मारत होती, श्वास पडेल तिथे एक. आठदहा ओळींनंतर वही माझ्याकडे सरकवली. काही रेघा छापील ओळीच्या शेवटी होत्या, काही नव्हत्या. ज्या नव्हत्या, त्यांच्यावर तिचा निबंध उभा राहिला. 31 वर्षांत मी कुणाच्या आजीला फोन लावला नव्हता.

मला सगळ्यात जड गेलं ते पुढे. या निबंधाच्या एकाच पूर्ण खर्ड्यावर मार्गदर्शकाने एकदाच शेरे द्यायचे, तेही दुरुस्ती न करता. खर्डा आला. पहिल्याच पानावर 'स्त्रीया', दुसऱ्यावर 'आणी' तीनदा. लाल पेन हातात, आणि हात बांधलेले. शेवटी समासात "शुद्धलेखन तपासावे" एवढं लिहिलं आणि पेन दप्तरात टाकून चहा प्यायला गेले. शेवटच्या मुलाखतीत तिला विचारलं, पुन्हा लिहायचा झाला तर काय काढशील? म्हणाली, "पहिली चार पानं." मला तीच आवडली होती.

तेव्हा काय शिकवतात, याचं माझं उत्तर असं की आम्ही शिकवायचो त्यापेक्षा कमी शिकवतात आणि मुलांकडून काढून घेतात जास्त. हे सगळ्यांना मानवत नाही. दर आठवड्याला कुणीतरी धडा संपवून, प्रश्नोत्तरं तपासून द्यावीत अशी सवय असलेलं मूल पहिले सहा महिने बावरतं, आणि काही मुलं दोन्ही वर्षं बावरलेलीच राहतात. नीट किंवा जेईई पक्कं ठरलेलं असेल तर इकडे येऊ नका, हे मी तोंडावर सांगते. विषय जुळवता येतात, पण दोन्ही डगरींवर हात ठेवून मुलं थकतात. मे महिन्यातल्या परीक्षेचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो, तोवर इथल्या काही प्रवेशांच्या तारखा उलटायला आलेल्या असतात. परदेशातले अर्ज त्याआधीच शिक्षकांनी वर्तवलेल्या गुणांवर जातात. त्या दिवसांत पालक मला फार आदराने नमस्कार करतात.

छोट्या शाळेची आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात नसते. विषयांची यादी संस्थेची मोठी असते, शाळेची तिच्याकडे शिक्षक असतील तेवढीच. आमच्याकडे एका वर्षी वरच्या पातळीचा इतिहास दोनच मुलांनी मागितला, तर तो रद्द झाला. त्यातल्या एकाने मुकाट्याने अर्थशास्त्र घेतलं आणि दोन वर्षं माझ्याशी पानिपतावर बोलत राहिला. म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा कुठले विषय आहेत हे विचारू नका. गेल्या वर्षी कुठल्या विषयाला किती मुलं बसली, ते विचारा.

आणि मराठी घ्यायची असेल तर प्रवेशाच्या वेळीच सांगा. दिवाळीनंतर सांगितलं तर ऑफिसमधून "आता उशीर झाला" असं ऐकायला मिळतं, आणि ते खरं असतं.