बांडगुळाचं पाळण्यातलं नाव

मे महिन्यातली दुपार. कूलरमध्ये पाणी भरून मी नुकताच आडवा झालो होतो, तेवढ्यात बाहेर कडाडकन काहीतरी मोडलं. तारांना लागते म्हणून शेजारच्या आंब्याची फांदी तोडणं चाललं होतं. फांदीबरोबर एक झुपका खाली आला. पट्ट्यांसारखी जाड पानं, लोंबणारी पांढरट मुळं आणि वर चक्क सहा-सात फुलं. पिवळट तपकिरी पाकळ्यांवर चौकटी, मधे जांभळट निळी जीभ. मी वाकलो.

"कायले उचलून राह्यले भाऊ? बांडगूळ होय ते," फांदी ओढणारा पोट्टा म्हणाला.

बांडगूळ हा शब्द आमच्या घरी झाडापेक्षा माणसांसाठीच जास्त वापरला गेला. लांबच्या नात्यातला एक मामा नोकरी शोधायला म्हणून नागपुरात आला आणि सहा वर्षं आमच्या ओसरीवर राहिला. आजी त्याला तोंडावर बांडगूळ म्हणायची आणि भातावर तूप पहिलं त्यालाच वाढायची.

खरं तर हे ऑर्किड, बांडगूळ नव्हेच. बांडगूळ फांदीत मूळ खुपसून रस पितं. हे नुसतं बसतं. मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं, हवापाण्यातलं मिळेल ते शोषतं. मी मगभर पाणी ओतून पाहिलं, तर पांढरी मुळं बघता बघता हिरवट झाली. भाडं देत नाही, एवढाच काय तो याचा गुन्हा. मोहावर, आंब्यावर आपल्याकडे पुष्कळ असतं, पण मान वर करतो कोण? एप्रिलनंतर तर नागपूरकर फक्त सावलीसाठी झाडाकडे बघतो.

नाव कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. लग्नात समोरून हसत येणारे काका कोण ते आठवत नाही, पण मांडवाला पाला कशाचा लावलाय ते ठाऊक असावं लागतं. (बायकोच्या मते हा आजार आहे.) झुपका अंगणातल्या कडुनिंबाला सुतळीने बांधला आणि पुस्तकं काढून बसलो.

निघालं व्हँडा टेसेलाटा. त्यातलं व्हँडा म्हणजे आपलंच संस्कृत 'वंदा', झाडावर वाढणारं झाड, म्हणजे पुन्हा बांडगूळच! कलकत्त्याला न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्सने तो शब्द उचलला. त्या पोट्ट्याला उगाच मनातल्या मनात अडाणी म्हणालो.

पण खरी मजा पुढे आहे. १७९५ मध्ये रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने याला एपिडेंड्रम टेसेलाटम म्हटलं. एपिडेंड्रम म्हणजे झाडावरचं. झाडांना दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसच्या काळापासून झाडांवरची ऑर्किडं सरसकट त्याच एका पोत्यात भरली जात. टेसेलाटम म्हणजे चौकटीचौकटीचं, आपल्या जुन्या फरशीसारखं. १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने पोतं बदललं आणि रॉक्सबर्गच्या मानासाठी नावही बदलून व्हँडा रॉक्सबर्घी केलं. मान ठीक, पण झाडांच्या नावांचा नियम आड आला. झाड कुठल्याही घरात जावो, आडनाव (म्हणजे एपिडेंड्रम, व्हँडा हा पुढचा शब्द) बदलो, त्याचं पहिल्यांदा ठेवलेलं नाव काढून घ्यायचं नाही. नवीन घराशी जुळावं म्हणून फार तर शेवटचं अक्षर बदलायचं, टेसेलाटमचं टेसेलाटा. रॉक्सबर्घी बाद.

हे वाचताना आजी आठवली. आमच्या घरी ती सुशीला. रेशनकार्डावर सुशीला, देवळाच्या देणगीच्या पावतीवर सुशीला, फोटोखालीही सुशीला. ते नाव आजोबांनी लग्नात तांदळात लिहिलेलं. माहेरचं वेगळं होतं.

बाबांचे मामा वर्षातून एकदा उमरेडहून एसटीने यायचे, पिशवीत भिवापुरी मिरच्या घेऊन. फाटकातूनच हाक मारायचे, त्या दुसऱ्या नावाने. गुडघे धरून उठणारी आजी तेव्हा चटकन उठायची, चपला न घालता अंगणात जायची.

तीन अक्षरी होतं. शेवटी बहुतेक 'ई' होती. घरात आता विचारायला कोणी नाही.